सोळावे मत

१

गुरुवार, ११ मार्च १९०९. दुपारचा एक वाजून चाळीस मिनिटे. फोर्ट हॅडलीच्या विधानभवनात, सिनेट सभागृहामागच्या बोळातल्या खाण समितीच्या खोलीत सिनेटर जोसाया ट्रेगिअर मरून पडलेला सापडला.

डोक्यावर दोन घाव आणि मानेवर एक. पहिल्याने कवटी फुटली होती. दुसऱ्याने डावा कान लोंबत राहिला होता. तिसरा मानेत खोल बसला होता, आणि हत्याराच्या टोकाला आकडा असल्याने ते ओढून काढताना मांसही बाहेर आले होते. टेबलावरच्या कागदांवरून रक्त जमिनीवर उतरले होते आणि कडेकडेने काळे पडून वाळू लागले होते. हत्यार टेबलाखालीच पडले होते: उंच खिडक्या उघडायची सहा फुटी काठी, टोकाला पितळी आकडा.

कौंटीचा कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, मॅथायस लॉफग्रेन दोन वाजता पोचला. जानेवारीत निवडून आल्यानंतरचे हे त्याचे पहिले खुनाचे प्रकरण. एरवी त्याचे मुख्य रस्त्यावर लाकूडसामानाचे दुकान होते. पुढे खुर्च्या-टेबले, मागे शवपेट्या. लॉफग्रेनकडे माणसाची पाळण्यापासून पेटीपर्यंतची सगळी सोय एकाच दारात होते, असे गावात म्हणत. विधानभवनाची पायरी मात्र तो त्या दिवशी पहिल्यांदा चढला.

बोळात शिरताना त्याला उघडे सभागृह दिसले. साठ दिवसांचे अधिवेशन त्या दिवशी दुपारी बाराला संपायचे होते. राज्यघटनेचा नियम तसा होता. बारानंतर संमत झालेला कायदा कायदाच नव्हे. जमिनीवर कागदांचे बोळे होते, संत्र्यांची साले होती, पुढच्या रांगेत एक काचेचा पेला फुटून पडला होता. अध्यक्षांच्या आसनामागे, भिंतीवरच्या घड्याळाखाली एक शिडी उभी होती. लॉफग्रेनच्या मनात सुताराचा विचार आला, की शिडीचा उजवा पाय आखूड आहे. तो पुढे गेला.

डॉक्टर म्हणाले, मरून दीड-दोन तास झाले असावेत. टेबलावर पत्र्याचा जेवणाचा डबा उघडा होता. त्यात विलायतेहून आलेल्या कॉर्निश खाणकामगारांची मांस-बटाटा भरलेली पास्टी होती, करंजीसारखी, पण तळहाताएवढी जाड. तिचा एकच घास घेतलेला होता.

लॉफग्रेन गुडघ्यावर बसला आणि त्याने प्रेताचा चेहरा आपल्याकडे वळवला. या माणसाला तो एकोणीस वर्षे ओळखत होता, आणि एकोणीस वर्षांत त्याच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

२

१८९० साली कॉपर गॅपच्या खाणीवर जोसाया ट्रेगिअर पिंजऱ्याचे यंत्र चालवायचा. माणसे खाली सोडायची, माणसे वर घ्यायची. एका पहाटे, कामाच्या चौदाव्या तासाला, त्याचे डोळे मिटले. वर येणारा पिंजरा थांबला नाही. तो माथ्यावरच्या चाकाला जाऊन धडकला, दोर तुटला आणि सात माणसे नऊशे फूट खाली गेली. त्यातला सर्वांत लहान निल्स लॉफग्रेन, मॅथायसचा धाकटा भाऊ. सातही पेट्या मॅथायसनेच ठोकल्या. दोन पेट्यांत नेमके कोण आहे, हे अखेरपर्यंत ठरवता आले नाही.

खटल्यात कंपनीच्या तरुण वकिलाने ट्रेगिअरला सुटकेची वाट दाखवली होती: खालच्यांनीच इशाऱ्याची घंटा चुकीची दिली, असे सांग. मेलेले उलट साक्ष द्यायला येत नाहीत. ट्रेगिअर उभा राहिला आणि म्हणाला, "घंटा बरोबर होती. मी झोपलो होतो. चौदावा तास होता."

ज्यूरीने त्याला सोडले, खाणीने काढले, आणि खाणकामगारांनी सहा वर्षांनी निवडून दिले. त्याने सिनेटमध्ये एकच विधेयक मांडले, दर अधिवेशनात तेच: जमिनीखाली आणि यंत्रावर आठ तासांपेक्षा जास्त काम नाही. पहिल्या वेळी सभागृह हसले. दुसऱ्या निवडणुकीत त्याचे घर जाळले. चौथ्या वेळी, मतदानाच्या आदल्या दिवशी, तीन जणांनी त्याला स्टेशनमागे गाठून उजव्या हाताची बोटे रुळावर ठेवून ठेचली. दुसऱ्या दिवशी त्याने डावा हात वर करून मत दिले. विधेयक सहा वेळा पडले. सहाही वेळा विरोधात अखेरचे भाषण क्लेमेंट हॅलोवेचे होते. खटल्यातला तो तरुण वकील आता सिनेटर झाला होता.

आज सातव्या खेपेला ते मंजूर झाले होते. एकतीस सभासद, किमान सोळा मते हवीत. बाजूने सोळा, विरोधात पंधरा.

लॉफग्रेन प्रेतावर चादर घालत होता तेव्हा शेरीफ गॅट्स दारात आला. खुनी सापडला, असे त्याने सांगितले. कॉन ड्रेनन, सभागृहाचा शिपाई. काठी त्याच्या ताब्यातली. बाहीवर रक्त. बारा वाजल्यानंतर कुठे होतास, तर उत्तर नाही. शिवाय आयरिश.

"तो काय म्हणतो?" लॉफग्रेनने विचारले.

"तोंडच उघडत नाही," शेरीफ म्हणाला. "कॉपर गॅपला तार गेली आहे. तिथल्या सगळ्या कॉर्निश खाणकामगारांना आता कळलंय, की एका आयरिश माणसानं त्यांचा ट्रेगिअर मारला. शनिवारी सकाळच्या गाडीनं ते येतील. माझ्याकडे चार माणसं आहेत, लॉफग्रेन. तुझी चौकशी त्याच्या आत उरक."

३

शुक्रवारी सकाळपासून लॉफग्रेनने सभासदांना एकेक करून बोलावले. पहिला ऑरिन टटल, गव्हाच्या पट्ट्यातला शेतकरी सिनेटर. ट्रेगिअरचा बारा वर्षांचा बाकसोबती, आणि प्रेत पहिल्यांदा पाहिलेला माणूस. तो आणि ड्रेनन दोघांनी मिळून ते उचलायला घेतले होते. बाहीवरचे रक्त तिथले. टटलच्याही बाहीवर ते होते. त्याला कोणी पकडले नव्हते.

टटल बोलका होता, आणि दुःखात आणखीच बोलत सुटला. जोसाया असा आणि जोसाया तसा. शेवटच्या दिवशी जोसायाच्या तोंडचे कॉर्निश हेल काढून आपण सगळ्या रांगेला हसवायचो, असे तो म्हणाला आणि तिथल्या तिथे त्याने आवाज काढून दाखवला: "होऽय, माझ्या राजा." मेलेला माणूस खोलीत येऊन बसल्यासारखे वाटले. टटलने स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला.

"तो जेवायला त्या खोलीत का गेला?"

"नेहमीच जायचा. सभागृहात कधी खायचा नाही. आणि खालच्या तांब्याच्या भट्टीचा बाराचा भोंगा झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. अहो, उपाशी मरायला टेकला तरी नाही. खाणीतली सवय. भोंगा झाला की पहिला घास, लगेच."

लॉफग्रेनने वहीत लिहिले: एक घास. म्हणजे भोंगा होताच, किंवा होता होता.

"आणि विधेयकावर मतदान कधी झालं?"

"बाराला दहा कमी," टटल म्हणाला.

हे उत्तर लॉफग्रेनला दिवसभर ऐकू येत राहिले. मतदान कधी झाले? बाराला दहा कमी. ट्रेगिअरला शेवटचे कधी पाहिले? बाराला दहा कमी. ड्रेनन कुठे होता? दाराशी, बाराला दहा कमी. आणि त्यानंतर? त्यानंतर अधिवेशन संपले. प्रत्येक जण हे सांगताना लॉफग्रेनच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना बघतात तसा.

क्लेमेंट हॅलोवे दुपारी आला. उंच, रुबाबदार, उजव्या हाताला पांढरी पट्टी. पुढच्या रांगेत पेला फुटला तेव्हा काच लागली, असे न विचारताच त्याने सांगितले.

"तुमची अडचण कळते मला, सुतारबुवा," तो म्हणाला. "विरोधक मेला की पहिली नजर माझ्याकडे वळणार. पण हिशेब बघा. ट्रेगिअरनं मत दिलं, म्हणजे तोवर तो जिवंत होता. त्या मतापासून ते टटलची किंकाळी ऐकू येईपर्यंत मी चाळीस लोकांच्या घोळक्यात होतो. एक मिनिटही एकटा नव्हतो. वाटेल त्याला विचारा."

लॉफग्रेनने वाटेल त्याला विचारले. ते अक्षरशः खरे होते.

४

सभासद नसलेली एक साक्षीदार उरली होती. मिस हेस्टर क्विल गेली तीन अधिवेशने प्रेक्षकांच्या सज्जात बसून होती. बायकांना मताचा हक्क मिळेपर्यंत बसणार आहे, असे ती सांगायची. रोज पायमोजे विणायची. सिनेटर तिला 'एकतीस अधिक एक' म्हणत. ती त्यांना 'मुलं' म्हणायची.

"शेवटच्या दिवशी काय दिसलं?"

"दंगा. कागदाचे बोळे, संत्री, गाणी. सतरा विधेयकांचं मतदान झालं. मी प्रत्येक मतदानाला दोन ओळी विणते, चौतीस ओळी झाल्या. हा बघा, टाच वळली. ट्रेगिअरचं सतरावं होतं. त्याची जागा बरोबर माझ्या पायाखाली, वरून दिसत नाही. पण नाव पुकारलं आणि 'होय' आलं, तो हेल मी कुठेही ओळखीन. आणि त्याच क्षणी हॅलोवेच्या हातातून पेला पडला. मागे वळून बघत राहिला, जसं काही थडग्यातून कुणी बोललं. तीन अधिवेशनं या माणसानं प्रत्येक गोष्टीला हरकत घेतली. काल घेतली नाही. मग शेवटी तो बिचारा लंगडा कॉन शिडी घेऊन आला, त्याची काठी सापडत नव्हती म्हणे, आणि वर चढला तेव्हा मुलं काय हसली."

"शिडीवर कशाला चढला?"

मिस क्विलने विणकाम थांबवले. "तुम्ही कधी शेवटच्या दिवशी आला नाहीत वाटतं," ती म्हणाली, आणि पुन्हा सुया चालवू लागली.

लॉफग्रेन कारकुनाकडे गेला आणि त्याने अधिवेशनाचे इतिवृत्त मागितले. अक्षर सुरेख होते. अकरा पन्नास: पहिल्या विधेयकावर नावे पुकारून मतदान. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, सतराव्यापर्यंत. बारा वाजता: अधिवेशन समाप्त.

त्याने कारकुनाला एक नाव पुकारून उत्तर लिहून दाखवायला सांगितले आणि स्वतःचे घड्याळ हातात धरले. घाईत, आठ सेकंद. एकतीस नावे, चार मिनिटांहून थोडी जास्त. सतरा मतदाने. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही तरी एक तास दहा मिनिटे.

दहा मिनिटांत मावणारे नव्हते ते.

लॉफग्रेन रिकाम्या सभागृहात जाऊन घड्याळाखाली शिडीवर चढला. काचेच्या दाराच्या पितळी कडेवर ओरखडे होते, आकड्याचे. जुने, आणि त्यांवर नवे. प्रत्येक अधिवेशनाचा एक जुडगा. बाराला दहा कमी असताना काठीने घड्याळ उघडायचे, लंबक थांबवायचा. काटा जिथे आहे तिथे वेळ आहे. मग काम संपेपर्यंत राज्यात बारा वाजत नाहीत. काम संपले की काटा बारावर ढकलायचा आणि हातोडा आपटायचा. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणीही ते कधी बोलणार नव्हता, कारण बोलणे म्हणजे सतरा कायदे फाडणे.

शिडीवर उभ्या उभ्या त्याने खऱ्या वेळा लावल्या. बाराला दहा कमी: घड्याळ थांबले, ड्रेननने काठी बोळात भिंतीला टेकवली आणि तो दाराशी आपल्या जागी उभा राहिला. बारा: खाली भट्टीचा भोंगा झाला, ट्रेगिअरने घास घेतला आणि कोणीतरी त्याला मारले. एकाच्या सुमारास, किंवा त्याहून उशिरा: सतरावे विधेयक. नाव पुकारले: जोसाया ट्रेगिअर. उत्तर आले: होय.

लॉफग्रेनने शिडी घट्ट धरली. ते मत देणारा माणूस तासाभरापूर्वी मेलेला होता.

५

ऑरिन टटलने नाकारले नाही. तो हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसला होता, बूट न काढता. जेवायला जाताना जोसायाच म्हणाला होता, की उशीर झालाच तर माझ्या नावाला 'होय' म्हण. शेवटच्या दिवशी सगळेच करतात. कोणी बाहेर असते, कोणी प्यायलेले असते, बाकसोबती बोलून टाकतो. टटलने मान खाली घातली आणि जोसायाच्या आवाजात 'होय' म्हटले. पाठीमागे, भिंतीपलीकडे, जोसाया रक्तात पडला होता हे त्याला ठाऊक नव्हते. समोरच्या रांगेत एकाला ते ठाऊक होते.

म्हणूनच त्या एकाचा पेला पडला, आणि म्हणूनच त्याने हरकत घेतली नाही. त्या खुर्चीवरचा माणूस मेलेला आहे, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

संध्याकाळी उजेड असतानाच लॉफग्रेन हॅलोवेच्या दारी गेला. त्याने प्रस्तावना केली नाही. पट्टी सोडा, म्हणाला. कॉरोनरला तो अधिकार होता. हॅलोवेने पट्टी सोडली.

काचेची चीर सरळ आणि स्वच्छ असते. ही जखम फाटलेली होती, तळहातातून मनगटाकडे गेलेली, आणि तिच्या शेवटाला कातडीखाली लाकडाचे कुसळ होते, पाऊण इंच लांब. लॉफग्रेनने चिमट्याने ते ओढले. कुसळ रक्ताने माखले होते. लॉफग्रेनने ते जिभेने ओले करून उजेडात धरले. फिकट, सरळ रेषांचे, लवचीक. सभागृहातली बाके अक्रोडाची होती, टेबले ओकची. अख्ख्या इमारतीत अ‍ॅशच्या लाकडाची वस्तू एकच होती, खिडक्यांची ती काठी, आणि तिला मुठीपाशी ताजी चीर गेली होती.

"तिसरा घाव ओढून काढताना," लॉफग्रेन म्हणाला. "आकडा अडकला होता."

हॅलोवे खुर्चीत बसला. त्याने नाकारायची तसदी घेतली नाही.

"त्याला समजावायला गेलो होतो," तो म्हणाला. "एक अधिवेशन थांब, म्हटलं. तो भोंग्याची वाट बघत बसला होता, डबा उघडून. म्हणाला, एकोणीस वर्षांपूर्वी तू मला खोटं शिकवत होतास, अजून तेच करतोस. आणि भोंगा झाला, आणि तो जेवायला लागला. माझ्यासमोर. मी खोलीत नसल्यासारखा." त्याने पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. "आता ऐका, सुतारबुवा. इतिवृत्तानुसार मेलेल्यानं आपलं मत दिलं, आणि मी तिथंच बसलो होतो. इतिवृत्त खोटं ठरवायचं तर सिनेटच्या सभासदानं शपथेवर सांगावं लागतं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याला या राज्यात किंमत नाही. टटल बोलला, तर मी फासावर. पण टटल बोलला, तर मतं पंधरा. राज्यपालांनी आज सकाळी विधेयकावर सही केली आहे. दोन हजार माणसं सोमवारपासून आठ तासांनी वर येणार आहेत. तुम्ही मला लटकवा. मी माझ्यासोबत त्यांना खाली नेईन."

"आणि ड्रेनन?"

"तीस सिनेटरांना ठाऊक आहे, की तो भोंग्याच्या वेळी दाराशी उभा होता. एकही बोललेला नाही. मी एकटा वाईट आहे का?"

६

तुरुंगात कॉन ड्रेनन भिंतीला टेकून बसला होता, आखूड पाय पुढे पसरून. तो पाय कॉपर गॅपच्या खाणीतच मोडून आखूड झाला होता. त्याचे दोन मुलगे अजून तिथे खाली होते, बारा-बारा तास.

लॉफग्रेनने त्याला सगळे सांगितले. ड्रेननने ऐकले. त्याला नवीन वाटले ते फक्त कुसळाचे.

"सात अधिवेशनं मी ते घड्याळ थांबवलंय, साहेब," तो म्हणाला. "सहा वेळा त्यांच्यासाठी. रेल्वेसाठी, कंपनीसाठी. एकदाच आमच्यासाठी थांबवलं. तेवढं राहू द्या."

"उद्या सकाळच्या गाडीनं ते तुला न्यायला येताहेत. खटल्याची वाट बघणार नाहीत ते."

"माहीत आहे. त्यांचा दोर चांगला असतो, कॉर्निश लोकांचा." ड्रेनन किंचित हसला. "तुमचा भाऊ त्या पिंजऱ्यात होता ना? मग तुम्ही हे मोडायचं?"

लॉफग्रेन घरी आला. दुकानात ट्रेगिअरची पेटी तयार होती, झाकण नुसते टेकवलेले. तो तिच्यासमोर बाकावर बसला. हा माणूस खोटे बोलला असता तर एकोणीस वर्षांपूर्वीच सुटला असता, सातही मेलेल्यांच्या माथी घंटा मारून. निल्सच्याही. लॉफग्रेनने त्याला कधी क्षमा केली नव्हती, पण निल्सच्या नावावर डाग नव्हता तो या माणसामुळे, हेही त्याला तेवढेच ठाऊक होते. हॅलोवे तेव्हा जे विकत होता तेच आताही विकत होता: एक सोयीचे खोटे, ज्याची किंमत कोणीतरी गप्प राहिलेला माणूस देणार. तेव्हा मेलेले. आता ड्रेनन.

सात वेळा मांडलेला कायदा पडला, तर आठव्यांदा मांडता येतो. पण मांडणारा पेटीत होता, आणि तोवर दोन वर्षे जाणार, आणि त्या दोन वर्षांत कोणाचे तरी डोळे चौदाव्या तासाला मिटणार. लॉफग्रेनला त्यांच्या पेट्यांची मापे आत्ताच दिसत होती. त्याने झाकणाला खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याला एक घाव पुरला.

शनिवार, १३ मार्च. सकाळी दहा वाजता कौंटीच्या कचेरीत चौकशी सुरू झाली. टेबलावर तीन वस्तू होत्या: काठी, एक घास घेतलेली पास्टी आणि औषधाच्या बाटलीत एक कुसळ. सहा ज्यूरी बसले होते. पहिल्या रांगेत क्लेमेंट हॅलोवे, हाताला नवी पट्टी. ड्रेनन दोन शिपायांमध्ये, बेड्या घातलेला. मागे मिस क्विल, आज विणकाम नसलेली.

दहा वाजून अकरा मिनिटांनी कॉपर गॅपची गाडी स्टेशनात शिरली. तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दहा-वीसला पायऱ्यांखाली बूट वाजू लागले, शेकड्यांनी. कोणीतरी ड्रेननचे नाव घेतले आणि एक दगड खिडकीतून आत येऊन ज्यूरींच्या पायाशी पडला. शेरीफ गॅट्सने दाराला आडणा घातला आणि बंदूक हातात आडवी धरली. आडणा पहिल्या धक्क्याला टिकला. दुसऱ्या धक्क्याला चौकटीचा एक खिळा वर आला.

लॉफग्रेनने पहिला साक्षीदार म्हणून ऑरिन टटलला पुकारले. टटलने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. हात काढायचे तो विसरला.

"सिनेटर टटल," लॉफग्रेनने विचारले, आणि दाराबाहेरच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारले, "गुरुवारी सतराव्या विधेयकाला जोसाया ट्रेगिअरचं नाव पुकारलं. त्या नावाला 'होय' कुणी म्हटलं?"

टटलने ड्रेननकडे पाहिले. ड्रेननने मान हलवली: नाही. टटलने हॅलोवेकडे पाहिले. हॅलोवे पट्टीचे टोक आत खोचत होता.

बाहेरचा गलका प्रश्न ऐकून थांबला होता. कचेरीतले घड्याळ चालू होते आणि त्यात दहा पंचवीस झाले होते. टटलने तोंड उघडले होते. उत्तर अजून आलेले नव्हते.